कौन प्रवीण तांबे? : एक्केचाळिसाव्या वर्षी उघडलेले दार

विशेष प्रतिनिधी, रत्नागिरी

खेळाडूचे वय इतरांच्या वयापेक्षा वेगळ्या हिशेबाने मोजले जाते. बँकेत, शाळेत किंवा कचेरीत काम करणारा माणूस पस्तिशीत उमेदीचा समजला जातो. क्रिकेटपटू मात्र त्याच वयात उतरणीला लागलेला असतो. चाळिशी आली की प्रशिक्षण, समालोचन किंवा निवड समिती एवढेच मार्ग त्याच्यापुढे उरतात. अशा या खेळात ७ मे २०१३ रोजी जयपूरच्या सवाई मानसिंग स्टेडियमवर एका मुंबईकर लेगस्पिनरने राजस्थान रॉयल्सकडून इंडियन प्रीमियर लीगमध्ये पदार्पण केले. एक्केचाळीस वर्षे पूर्ण होऊन त्याला सात महिने होत आले होते. त्याआधी तो रणजी करंडकाचा एकही सामना खेळलेला नव्हता. या अनोळखी नावाने त्या दिवशी अनेकांच्या तोंडी जो प्रश्न आणला, तोच पुढे त्याच्यावरील चित्रपटाचे शीर्षक झाला : ‘कौन प्रवीण तांबे?’

जयप्रद देसाई यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १ एप्रिल २०२२ रोजी त्या वेळच्या डिस्ने प्लस हॉटस्टारवर प्रदर्शित झाला. श्रेयस तळपदे याने त्यात तांबेची भूमिका केली आहे. उतारवयातील खेळाडूवर अनेक चित्रपट निघाले; परंतु त्या पंगतीत हा चित्रपट थोडा वेगळा बसतो. तेथे बहुतेक वेळा गेलेले वैभव परत मिळविण्याची धडपड असते. तांबेच्या वाट्याला वैभवाचे दिवस कधी आलेच नव्हते. ऐन उमेदीची वीस वर्षे क्लबच्या मैदानांवर गेली आणि त्याचे क्रिकेट सुरू झाले ते इतरांचे संपते त्या वयात.

पडद्यावरील कथा

चित्रपटाच्या आरंभी राहुल द्रविडच्या एका जाहीर भाषणाचा अंश येतो आणि तेथून कथा मुंबईतील एका मध्यमवर्गीय घरात शिरते. प्रवीणचे स्वप्न मोठे नाही. मुंबईकडून निदान एक रणजी सामना खेळावा एवढेच आहे. तो मध्यमगती गोलंदाज आहे. क्लबसाठी बळी मिळवतो, निवड चाचण्यांना जातो आणि यादीत आपले नाव नाही हे वाचून परत येतो. घरात नोकरीचा, पुढे लग्नाचा आग्रह सुरू होतो. लग्न होते, मुले होतात, नोकऱ्या लागतात आणि सुटतात. पोटासाठी डान्सबारमध्ये वेटरचे काम करण्याचीही वेळ पडद्यावरील प्रवीणवर येते.

प्रशिक्षक विद्या पराडकर (आशिष विद्यार्थी) त्याला लेगस्पिन टाकण्याचा सल्ला देतात. तो मानण्यास प्रवीण बराच काळ तयार होत नाही. या हटवादीपणाची किंमत किती, हे चित्रपट उगाळून सांगत नाही. परंतु प्रेक्षकाच्या ते ध्यानात येते. नशीब, निवड समिती आणि परिस्थिती यांच्यावर सगळा दोष न टाकता नायकाचीही चूक दाखविणे हा या पटकथेचा मोठा गुण म्हणावा लागेल. रजत सन्याल (परमब्रत चॅटर्जी) हा पत्रकार प्रवीणला सतत हिणवतो. नाट्यासाठी योजलेली ही व्यक्तिरेखा मात्र काहीशी ढोबळ झाली आहे. वास्तवात तांबेच्या आड कोणी खलनायक आला नव्हता. त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्षच गेले नव्हते, आणि दुर्लक्ष पडद्यावर दाखविणे अवघड असते.

चित्रपटाचा भावनिक भार उचलला आहे तो घराने. पत्नी वैशालीची भूमिका अंजली पाटील हिने केली आहे. नवरा रविवारीच काय, आठवड्यातील निम्मे दिवस मैदानावर असताना घर चालवायचे, मुलांचे पाहायचे आणि एवढे करून त्या माणसाचा हिरमोड होऊ द्यायचा नाही, हे काम तिच्याकडे आले आहे. तिचा त्रागा आणि तिचा विश्वास दोन्ही खरे वाटतात. एका माणसाच्या स्वप्नाचे हप्ते संपूर्ण कुटुंब फेडत असते, ही गोष्ट क्रीडाविषयक चित्रपटांत एवढ्या स्वच्छपणे क्वचितच आली असेल.

मराठी हात

चित्रपट हिंदी असला तरी त्याची जडणघडण बरीचशी मराठी आहे. दिग्दर्शक देसाई यांनी यापूर्वी सचिन खेडेकर यांना घेऊन ‘नागरिक’ (२०१५) हा मराठी चित्रपट केला होता. लेखक किरण यज्ञोपवीत हे ‘ताऱ्यांचे बेट’ (२०११) या चित्रपटाचे दिग्दर्शक. कोकणातील साधे कुटुंब आणि मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलची ओढ लागलेला मुलगा यांची ती गोष्ट आपल्याकडील प्रेक्षकांना आठवत असेल. ऐपतीबाहेरच्या इच्छेकडे कीव न करता पाहण्याची त्या चित्रपटातील दृष्टी येथेही दिसते.

तळपदेची निवड विशेष बोलकी आहे. नागेश कुकुनूर यांच्या ‘इक्बाल’ (२००५) मध्ये त्याने मूकबधिर, तरुण वेगवान गोलंदाज रंगविला होता. तेथे उतारवयातला, दारूच्या आहारी गेलेला माजी क्रिकेटपटू नसीरुद्दीन शाह यांनी साकारला होता. सतरा वर्षांनी तोच तळपदे वय उलटून गेलेल्या गोलंदाजाच्या भूमिकेत आला. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो स्वतः शेहेचाळीस वर्षांचा होता. तरुण प्रवीण रंगविताना त्याचे वय थोडे जाणवते. परंतु उत्तरार्धात, थकलेल्या खांद्याने आणि न थकलेल्या डोळ्यांनी धावत येणारा गोलंदाज त्याने मोठ्या समजुतीने उभा केला आहे.

प्रत्यक्षातील तांबे

प्रवीण विजय तांबे याचा जन्म ८ ऑक्टोबर १९७१ रोजी मुंबईत झाला. या एका तारखेत त्याच्या कहाणीचे मर्म सामावलेले आहे. राहुल द्रविडचा जन्म जानेवारी १९७३ चा आणि सचिन तेंडुलकरचा एप्रिल १९७३ चा. म्हणजे आयपीएलमध्ये तांबेला संधी देणारा कर्णधार द्रविड त्याच्यापेक्षा सव्वा वर्षाने लहान होता.

ओरिएंट शिपिंग या कंपनीत नोकरी करीत असताना तेथील संघाचा कर्णधार अजय कदम याने त्याला मध्यमगती सोडून लेगस्पिन टाकण्यास सांगितले. पुढे मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये तो वर्षानुवर्षे खेळत राहिला. डी. वाय. पाटील संघाकडून खेळत असतानाच तेथील स्टेडियमवर आयपीएल सामन्यांच्या वेळी संघांची व्यवस्था पाहण्याचे कामही त्याने केले. ज्या स्पर्धेत इतरांची सोय लावली, त्याच स्पर्धेत पुढे तो खेळाडू म्हणून उतरला.

पहिल्या मोसमात त्याला तीनच सामने मिळाले. खरी ओळख पटली ती त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीग ट्वेन्टी-२० स्पर्धेत. तेथे पाच सामन्यांत १२ बळी घेऊन तो स्पर्धेतील सर्वाधिक बळी मिळविणारा गोलंदाज ठरला. ६ ऑक्टोबर २०१३ रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर राजस्थान रॉयल्स आणि मुंबई इंडियन्स यांच्यात अंतिम सामना झाला. तेंडुलकर आणि द्रविड या दोघांचाही तो अखेरचा ट्वेन्टी-२० सामना होता. मुंबईने दोनशेच्या पुढे मजल मारून सामना जिंकला. तरीही त्या धावांच्या पावसात तांबेने चार षटकांत अवघ्या १९ धावा देऊन दोन बळी मिळविले. दोघे महान फलंदाज ज्या संध्याकाळी निरोप घेत होते, त्या संध्याकाळी त्यांच्याहून वयाने मोठा असलेला हा गोलंदाज नुकता कुठे सुरुवात करीत होता. दोन दिवसांनी तो बेचाळीस वर्षांचा होणार होता.

त्याच मोसमात मुंबईने त्याला रणजी संघात घेतले. प्रथम श्रेणीचे अवघे दोन सामने त्याच्या खात्यावर जमा आहेत. परंतु ज्या एका सामन्यासाठी दोन तपे घालविली, तो अखेर त्याच्या पदरात पडला.

५ मे २०१४ रोजी अहमदाबाद येथे कोलकाता नाइट रायडर्सविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली. १७१ धावांचा पाठलाग करताना कोलकाता बिनबाद १२१ अशा सुस्थितीत होते. शेन वॉटसनने एका षटकात तीन बळी घेतले. पाठोपाठ तांबेने मनीष पांडे, युसूफ पठाण आणि रायन टेन डोशाटे यांना लागोपाठ बाद केले. पांडे वाइड चेंडूवर यष्टिचित झाल्याने ही हॅटट्रिक नियमानुसार मोजल्या जाणाऱ्या दोनच चेंडूंत पूर्ण झाली. बिनबाद १२१ वरून ६ बाद १२३ अशी घसरगुंडी होऊन कोलकात्याने सामना दहा धावांनी गमावला.

चाळिशीनंतरचा हिशेब

तांबेचे क्रिकेट तेथेही संपले नाही. २०१८ मध्ये टी-१० लीगमध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याने १५ धावांत पाच बळी घेतले. त्यांत ख्रिस गेल, इऑन मॉर्गन आणि कायरन पोलार्ड होते. डिसेंबर २०१९ मधील लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने त्याला २० लाख रुपयांना विकत घेतले. मात्र परदेशातील टी-१० स्पर्धेत खेळल्यामुळे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नियमानुसार तो आयपीएलसाठी अपात्र ठरला. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये त्रिनबागो नाइट रायडर्सकडून तो कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये उतरला. या स्पर्धेत खेळणारा तो पहिला भारतीय. त्या सामन्यात त्याने बळीही मिळविला, आणि तेव्हा पन्नाशी जेमतेम एका वर्षावर आली होती.

आयपीएलमधील ३३ सामन्यांत २८ बळी हे आकडे दिपविणारे नाहीत. विक्रमांच्या पुस्तकात त्याचे पान लहानच राहील. परंतु हे सर्व बळी एक्केचाळिशीनंतरचे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे वजन कळते.

लेगस्पिनच का?

चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्याला एक शंका हमखास येते : हे वेगवान गोलंदाजाला जमले असते काय? उत्तर बहुधा नाही असेच द्यावे लागेल. वेगवान आणि मध्यमगती गोलंदाजी पाठ, गुडघे, घोटे यांच्यावर उभी असते, आणि हे अवयव वयापुढे नमतात. लेगस्पिन मनगटावर आणि अंदाजावर चालते. चेंडूची उंची, टप्पा, फलंदाजाच्या पावलांची हालचाल आणि गुगली केव्हा टाकायची याचा निर्णय या गोष्टी वर्षानुवर्षांच्या सरावानेच पक्क्या होतात. तांबे चेंडूला फार उंची देत नसे. थोड्या वेगाने, सरळ रेषेत आणि अचूक मारा करी. मोठे फटके मारण्याच्या घाईत असलेल्या ट्वेन्टी-२० च्या फलंदाजाला नेमके तेच अडचणीचे ठरे.

क्रिकेटच्या इतिहासातही फिरकी आणि प्रौढ वय यांचे जुने सख्य आहे. १८७७ च्या पहिल्या कसोटीत इंग्लंडच्या जेम्स साउदर्टनने एकोणपन्नासाव्या वर्षी पदार्पण केले. कसोटी पदार्पणातील सर्वाधिक वयाचा तो विक्रम आजही त्याच्या नावावर आहे, आणि तो फिरकी गोलंदाजच होता. भारताकडून सर्वाधिक वयात कसोटी पदार्पण करणारे रुस्तमजी जमशेदजी हेही मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर खेळलेल्या त्या कसोटीच्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस होते. तांबेने आयपीएलमध्ये पाऊल ठेवले तेही याच वयात.

पडद्यावरील सोबती

जगभरच्या चित्रपटांत उतारवयातील खेळाडू हा लाडका विषय आहे. डॅरेन अॅरोनोफ्स्की यांच्या ‘द रेसलर’ (२००८) मध्ये मिकी रूर्कने साकारलेला पहिलवान शरीर साथ देत नसतानाही आखाडा सोडू शकत नाही; आखाड्याबाहेर त्याला कोणी ओळखतच नाही. तांबेच्या कथेला अधिक जवळचा आहे ‘द रूकी’ (२००२). अमेरिकेतील शाळाशिक्षक जिम मॉरिस याने १९९९ मध्ये पस्तिसाव्या वर्षी व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर पदार्पण केले, त्या सत्यघटनेवर तो आधारलेला आहे. भारतात ‘जर्सी’ हा चित्रपट तेलुगूत २०१९ मध्ये आणि हिंदीत २२ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे ‘कौन प्रवीण तांबे?’नंतर तीनच आठवड्यांनी आला. त्यातील छत्तीस वर्षांचा फलंदाज पुन्हा रणजीकडे वळतो. मात्र ती कथा काल्पनिक आहे.

या सर्वांत तांबेच्या कथेचे वेगळेपण तिच्या सामान्यपणात आहे. येथे व्यसन नाही, पश्चात्ताप नाही, मरणाची छाया नाही. आहे तो लोकलचा प्रवास, खांद्यावरची किट बॅग आणि सोमवारी पुन्हा कामावर जाण्याची घाई.

मैदानांचे ऋण

चित्रपटाने पुरेसे अधोरेखित न केलेली एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. तांबेच्या जिद्दीइतकेच श्रेय मुंबईच्या मैदानी क्रिकेटला आहे. १९४८ पासून पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग आणि कंपन्यांच्या संघांसाठीची टाइम्स शील्ड यांसारख्या स्पर्धांना वयाची अट नव्हती. शाळकरी मुलगा आणि चाळिशीचा कारकून एकाच सामन्यात समोरासमोर येत. कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि सामन्यासाठी रजा देत. ही व्यवस्था नसती, तर तांबे तिशीतच मैदानापासून दुरावला असता आणि द्रविडच्या नजरेस पडण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. तो अचानक उगवला नाही. वीस वर्षे तो दर मोसमात कोठे ना कोठे खेळत होता. पाहणारे डोळे उशिरा आले.

कोकणातून पाहताना

रत्नागिरीत बसून हा चित्रपट पाहताना नेमकी हीच गोष्ट बोचते. क्रिकेटचे वेड येथे कमी नाही. भारताचे माजी कर्णधार दिलीप वेंगसरकर यांचा जन्म याच जिल्ह्यातील राजापूरचा. उन्हाळ्यात भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यांत टेनिस चेंडूच्या स्पर्धा रंगतात. मे महिन्यात सुट्टीला आलेले चाकरमानी आपापल्या वाडीच्या संघातून उतरतात. पस्तिशी-चाळिशीचे गोलंदाज तेथे अजूनही सामने जिंकून देतात. पण टेनिस चेंडूवर मिळविलेला बळी कोणत्याही निवड समितीच्या वहीत लिहिला जात नाही. शिवाय रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो, मुंबईच्या नव्हे. मोसमभर चालणारे मुंबईसारखे सीझन चेंडूचे क्लब आणि ऑफिस क्रिकेट आपल्या वाट्याला आलेले नाही.

म्हणूनच ‘जिद्द धरा, स्वप्न पुरे होईल’ एवढाच बोध या चित्रपटातून घेणे अपुरे ठरेल. जिद्द धरणारे पुष्कळ असतात. एका तांबेचे नाव यादीत आले. त्याच मैदानांवर, त्याच्याइतकीच वर्षे घाम गाळलेल्या कितीजणांचे आले नाही, आणि त्यांच्यावर चित्रपट निघणार नाहीत. तांबेचे यश त्यांच्या अपयशावर ठपका ठेवीत नाही. निवडीची चाळणी किती मोठ्या छिद्रांची असते आणि तिच्यातून किती चांगले धान्य खाली सांडते, हे मात्र ते दाखवून देते. वयाच्या रकान्यातील आकडा पाहून अर्ज बाजूला सारण्याआधी एकदा त्या माणसाचा चेंडू पाहावा, एवढी मागणी हा चित्रपट नक्की करतो. ती मागणी क्रिकेटपुरती नाही.

२०२२ मध्ये हा चित्रपट कोलकाता नाइट रायडर्सच्या खेळाडूंना दाखविण्यात आला. त्या वेळी तांबे त्याच संघाच्या प्रशिक्षक चमूत होता आणि चित्रपट संपल्यावर त्याला अश्रू आवरले नाहीत. ज्याच्या अर्ध्याहून कमी वयाचे खेळाडू त्या खोलीत बसले होते, त्यांच्यापैकी कोणालाही तेव्हा ‘कौन प्रवीण तांबे?’ असे विचारण्याची गरज उरली नव्हती.

चित्रपटाविषयी थोडक्यात

चित्रपट : कौन प्रवीण तांबे? (हिंदी)
प्रदर्शन : १ एप्रिल २०२२, डिस्ने प्लस हॉटस्टार
दिग्दर्शक : जयप्रद देसाई
लेखन : किरण यज्ञोपवीत, कपिल सावंत
प्रमुख कलावंत : श्रेयस तळपदे, अंजली पाटील, आशिष विद्यार्थी, परमब्रत चॅटर्जी